बॉनेटवरची ओळ

टण्ण!

माझ्या हातातल्या ट्रेमधला एक चमचा घसरून बशीवर आपटला, आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

गाडीतून पेढ्यांचा पुडा आणतो म्हणून बाहेर गेलेले मुलाचे वडील रिकाम्या हातांनी परत आले होते आणि उंबऱ्यात उभे होते. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी एकदा माझ्या बापूंकडे पाहिलं, एकदा दिगूकाकाकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. जणू घड्याळावरही त्यांचा संशय होता.

"मास्तर," ते बापूंना म्हणाले, "तुमच्या गावात पाहुण्यांचं स्वागत लेखी करतात का?"

"म्हणजे?"

"बाहेर चला. वाचून दाखवतो."

सगळे उठले. मुलगा उठला, त्याची आई उठली, बापू, आई, दिगूकाका. ट्रे खाली ठेव असं मला कुणी सांगितलं नाही, म्हणून पोह्यांच्या सहा बशा घेऊन मीही मिरवणुकीच्या शेवटी निघाले. बाहेर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायची गरज नव्हती.

चिंचेखाली त्यांची गाडी उभी होती. जुनी, काळी अँबॅसडर. काळी म्हणजे मुळात काळी; आमच्या गावात पोचेपर्यंत पांढरी झालेली. आमचं शिंगणवाडी खडी क्रशरच्या वाऱ्याच्या बाजूला आहे. दिवसभर दगड भरडला जातो आणि त्याचं पीठ आमच्या अंगणात, अंथरुणात, दुधात येऊन बसतं. नव्या माणसाला त्याचा त्रास होतो. आम्हाला त्याची पाटी होते. बापू प्राथमिक शाळेत मास्तर. पहिलीच्या पोरांना ते व्हरांड्यातल्या धुळीतच अ-आ-इ गिरवायला लावायचे. त्यामुळे गावात काहीही तासभर एका जागी उभं राहिलं, मोटारसायकल, ट्रॅक्टर, क्वचित म्हैससुद्धा, की तिच्यावर काहीतरी लिहिलं जायचंच. बोटं शिवशिवायची.

गाडीच्या बॉनेटवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वळणदार अक्षरांत एक ओळ होती :

आधी आंघोळ, मग पोहे.

आता कबूल करायला हरकत नाही. ते स्थळ पाचवं होतं. आधीच्या चारही ठिकाणांहून तोच निरोप आला होता, मुलगी चांगली आहे, पण बोलते फार. आईनं त्या दिवशी सकाळी मला समोर बसवून बजावलं होतं, "आज तोंडातून नाव, शिक्षण आणि 'हो' एवढंच बाहेर पडलं पाहिजे. बाकीचं सगळं लग्नानंतर बोल." मी कबूल झाले होते. कारण फोटोतला मुलगा मला आवडला होता, आणि हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. पाहुणे आत टेकल्यावर मागच्या दारानं शेजारच्या घरून कोथिंबीर आणायला गेले, परत येताना ही गाडी दिसली. तोंड बंद ठेवलं की माझ्या बाबतीत बोट सुटतं. लिहून झाल्यावर पुसणारही होते, पण तेवढ्यात आईची हाक आली.

"गल्लीतली कार्टी, दुसरं कोण!" दिगूकाकानं खांद्यावरचा टॉवेल ओढला. "मोकाट सुटलेत. थांबा, आत्ता एका फटक्यात—"

"हात लावू नका!"

इतक्या मोठ्यानं की चिंचेवरचे कावळे उडाले. काकाचा हात टॉवेलसकट हवेतच राहिला.

"अहो, पुसतोच आहे की मी," काका म्हणाला.

"पुसू नका. ही धूळ नाही, हा दगड आहे. दळलेला दगड. त्याच्यावरनं कोरडा टॉवेल फिरवाल तर ते फडकं मारणं नाही, पॉलिशपेपर मारणं झालं." त्यांचा आवाज खाली आला, पण बोट काकाच्या टॉवेलवरून हललं नाही. "सात हात रंग मारलाय या गाडीला. माझ्या या हातांनी. दीड वर्ष लागलं."

ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं पेंटर होते हे आम्हाला मध्यस्थांनी सांगितलं होतं. निवृत्तीनंतर भंगारातली एक गाडी घेऊन त्यांनी ती उभी केली, हेही सांगितलं होतं. फक्त ते ती गाडी रस्त्यात दोनदा थांबून सावलीत उभी करतात, हे सांगायचं राहिलं होतं.

"राहू द्या की तसंच," मुलाची आई, माई, शांतपणे म्हणाल्या. "जाताना कराडपर्यंत लोक वाचतील. मी वीस वर्षं तुम्हाला हेच सांगतेय."

मुलगा एकदम चिंचेच्या शेंड्याकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"अक्षर चांगलं आहे," वडील पुढे वाकून म्हणाले. "पोरांचं वाटत नाही. मास्तर, तुम्ही ओळखाल?"

बापू वाकले. त्यांनी आंघोळीतला ळ पाहिला. त्या ळ ची ती गाठ त्यांनीच मला माझं बोट धरून शिकवली होती. ते हळूच सरळ झाले, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोरांचंच असेल," ते म्हणाले.

माझे बापू. ज्यांनी तपासणीला आलेल्या साहेबांना 'सात मुलं गैरहजर आहेत आणि ती बोरं खायला गेलीत' असं सरळ सांगितलं होतं, ते बापू. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते, आणि इतकं वाईट बोलत होते की त्यांचे कानसुद्धा लाल झाले होते.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

आई पायरीवर मटकन बसली. पाचवं स्थळ तिच्या डोळ्यांसमोर उठून चालतं झालेलं तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

मुलाच्या वडिलांनी त्या दिवशी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

"शाई कुठली वापरलीस?"

"बोट."

"कुठलं, दाखव."

मी कसं दाखवणार? दोन्ही हातांत ट्रे. तेव्हा मुलगा पुढे आला आणि माझ्या हातातून त्यानं ट्रे घेतला. आमच्या संसारातलं ते सारंगचं पहिलं काम. ट्रे घेताना अगदी हळू म्हणाला, "मी आज आंघोळ केलीय." मी ओठ दाबून धरले आणि तर्जनी पुढे केली.

"नख वाढवलंय."

"आजच्यासाठी, मुद्दाम. रंग लावायला."

"हं," ते म्हणाले. "मग आता धू."

"अहो, तिला कशाला, आम्ही धुतो," आई उठली.

"ज्यानं लिहिलं त्यानं धुवायचं. शाळेत असंच असतं ना, मास्तर?"

बापूंनी मान डोलावली. त्यांचा नाइलाज होता.

आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. आदल्या दिवशी भरलेलं पाहुण्यांसाठी म्हणून राखून ठेवलं होतं. आईनं एक बादली काढून दिली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दुसरी.

"एक साबणाची, एक साध्या पाण्याची," ते म्हणाले. "फडकं साबणात बुडवायचं, पुसायचं, मग साध्यात खळबळायचं, मग पुन्हा साबणात. नाहीतर एकीकडची खडी दुसरीकडे नेऊन घासशील. साबण म्हणजे कपड्याची पावडर नाही हं. केसाला लावता ते."

मी माझी शाम्पूची बाटली आणली. त्यांनी वास घेऊन ती पास केली.

"आता बांगड्या काढ. अंगठी पण."

यावर मात्र आईला राहवलं नाही. "अहो, आजच्या दिवशी? पाहुण्यांसमोर मोकळ्या हातानं कुठं पोरीला..."

"पाहुण्यांना चालतं. गाडीला बांगडी लागते."

माईंनी हात पुढे केला. मी एकेक हिरवी बांगडी काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली, वर अंगठी. माई बांगड्या मुठीत धरून अशा उभ्या राहिल्या, जणू देवळात चपला सांभाळतायत.

"फडकं आण. घरातलं सगळ्यात मऊ असेल ते."

मी आत धावले. टॉवेल खरखरीत, पंचा जाड. कपाटाच्या तळाशी आजीच्या जुन्या नऊवारीचा एक धडपा होता, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. तो घेऊन आले. त्यांनी तो आपल्या दाढीवर घासून पाहिला, डोळे मिटले, म्हणाले, "वा! असलं फडकं मला अख्ख्या वर्कशॉपमध्ये मिळालं नाही."

"अगं तो कशाला आणलास?" आई कळवळली. "तो मी तुझ्या बाळंतपणासाठी ठेवलाय, दुपट्याला—"

आणि थांबली. अजून होकाराचा पत्ता नव्हता, आणि आमच्याकडून नातवाचं दुपटं बाहेर आलं होतं.

"अर्धा फाडून द्या," माई गंभीरपणे म्हणाल्या. "अर्धा राहू दे. लागेल कुठं ना कुठं."

पदर खोचून मी बादली उचलली आणि बॉनेटवर उपडी करणार, तोच—

"अंहं! ओतू नको, सोड. वरनं सुरू कर, टपावरनं. पाण्याला त्याचं काम करू दे. तू मध्ये बोलू नको."

"मी कुठं बोलतेय?"

"हे काय मग?"

तांब्यानं टपावर पाणी सोडलं. पांढरे ओघळ काचेवरून, दरवाज्यांवरून खाली आले आणि त्यांच्यामागून काळा रंग उघडा पडत गेला. असा काळा मी पाहिला नव्हता. त्यात चिंच दिसत होती, आभाळ दिसत होतं, पायरीवर डोक्याला हात लावून बसलेली आई दिसत होती. एवढ्या पांढऱ्याखाली हे होतं, आणि मी त्यावर नख चालवलं होतं.

"आता फडकं. दाबू नको. लहान मुलाचं तोंड पुसतो ना, तसं. नुसतं ठेवायचं आणि सरळ ओढायचं. गोल गोल नाही! गोल फिरवलंस की उन्हात कोळ्याची जाळी दिसतात. सरळ. पुढून मागं. झालं, आता खळबळ. घडी बदल."

"दर वेळेला?"

"दर वेळेला. कंटाळा आला?"

"नाही. पण तुम्ही घरी रोज असं करता?"

"रविवारी."

"आणि माई काय करतात?"

"मी बघत बसते," माई म्हणाल्या. "मला लग्नात अंगठी चढवताना यांचा हात एवढा हळू नव्हता."

सारंग ट्रे घेऊन उभाच होता. मधूनच एक पोहा तोंडात टाकत होता. बापू नकळत दुसरी बादली धरून माझ्यामागं सरकत होते. दिगूकाका टॉवेल पाठीमागं लपवून उभा होता. आणि मी बोलत होते. टपापासून मागच्या दारापर्यंत मी काय काय बोलले असेन देव जाणे. क्रशरबद्दल, शाळेबद्दल, आधीच्या चार स्थळांबद्दलसुद्धा. ते मध्ये मध्ये फक्त "सरळ", "घडी" आणि "हळू" एवढंच म्हणत होते.

बॉनेट शेवटी आलं. पाण्यानं ओळ वाहून गेली. आंघोळ गेली, पोहे गेले. मी फडकं नुसतं ठेवलं, सरळ ओढलं. सुटकेचा श्वास सोडला.

मग ऊन चिंचेच्या फांद्यांतून तिरकं आलं, आणि ओळ परत आली.

धूळ नव्हती आता. काळ्या रंगात केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. आधी आंघोळ, मग पोहे. ळ ची गाठसुद्धा जशीच्या तशी.

मी पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा ओढलं. रेघा तिथंच.

"जाईल ना हे?" मी फडकं हातात धरूनच विचारलं.

ते वाकले. बोटाचं पेर त्यांनी ओळीवरून अलगद फिरवलं, डावीकडून उजवीकडे, जणू आंधळा माणूस वाचतोय. खूप वेळ लावला. मग माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "खोल गेलंय. आता हे जन्माचं."

दीड वर्ष. सात हात. माझे डोळे भरून आले आणि एक थेंब टपकन बॉनेटवर पडला.

"अंहं," ते म्हणाले. "खारं पाणी रंगाला वाईट."

त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला. मी हात पुढे केला, पण रुमाल माझ्यासाठी नव्हता. त्यांनी तो थेंबावर नुसता ठेवला आणि उचलला. मग फडक्याची दोन टोकं माझ्या हातात देऊन, दोन आपण धरून, ते बॉनेटवर चादरीसारखं पसरलं आणि आम्ही दोघांनी ते सावकाश ओढून गाडी कोरडी केली. सगळं झाल्यावर हात पुसत ते बापूंकडे वळले.

"चला मास्तर. आंघोळ झाली. आता पोहे आणा."

गार झालेले पोहे सगळ्यांनी खाल्ले. सारंगच्या बशीत मुळातच कमी होते. माईंनी माझ्या बांगड्या माझ्या हातात स्वतः चढवल्या. आणि ते गेले. होकार नाही, नकार नाही, पत्रिकेचं नाव नाही.

पुढचे पंधरा दिवस आईनं माझ्याशी स्वयंपाकापुरतंच बोलणं ठेवलं. बापू एवढंच म्हणाले, "अक्षर मात्र छान आलं होतं." मी नख कापून टाकलं होतं. दारात कुठलीही गाडी थांबली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी धावायचे.

सोळाव्या दिवशी बापूंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना तो स्पीकरशिवाय कसा घ्यायचा ते माहीत नव्हतं.

"मास्तर, मुलीला विचारा, रविवारी सकाळी मोकळी असते का."

"कुठल्या रविवारी?" बापूंनी विचारलं.

"सगळ्याच," पलीकडून अण्णा म्हणाले.

तेव्हापासून ते माझे अण्णा. अकरा वर्षं दर रविवारी आम्ही गाडी धुतली. दोन बादल्या, आजीच्या नऊवारीचा तो अर्धा धडपा, बांगड्या खिडकीत. उरलेल्या अर्ध्या धडप्यात पुढे रेवा गुंडाळली गेली. पाहुणे आले की अण्णा त्यांना उन्हात उभं करून बॉनेट दाखवायचे, "हा आमच्या सूनबाईंचा शिलालेख. शिक्षा म्हणून जन्मठेप दिलीय, रविवार रविवार भोगतेय." मी लाजेनं मरायचे. कितीदा म्हणाले, "अण्णा, बॉनेट नव्यानं रंगवू या. मला बघवत नाही." त्यावर त्यांचं ठरलेलं, "छत्तीस वर्षं हेच केलं, मला कळत नाही होय? ते नाही जायचं. खोल गेलंय." मग मी त्या ओळीवरून फडकं आणखी हळू ओढायचे. दुखऱ्या जागेवरून हात फिरवावा तसं.

मार्गशीर्षात अण्णा गेले. गाडीवर आच्छादन पडलं ते पडलंच. काल सारंग म्हणाला, "उद्या रविवार आहे." आज सकाळी त्यानं आच्छादन काढलं. खालीही धूळ शिरली होती. मी दोन बादल्या भरल्या. माई खिडकीत येऊन बसल्या.

"आई, बांगड्या," रेवा म्हणाली. आठ वर्षांची आहे; सूर थेट आजोबांचा. "आणि ओतू नको. सोड."

"सोडतेय ना."

"बोलू नको मग."

माईंनी खिडकीत तोंडावर पदर घेतला. हसल्या की रडल्या, कळलं नाही.

टप झाला, काचा झाल्या. रेवा मागच्या डाव्या दरवाज्याशी घुटमळत होती. बोटाच्या पेरानं रंगावरून काहीतरी चाचपत होती.

"काय शोधतेस?"

"माझं नाव इथं होतं."

"कुठलं नाव?"

"रेवा. मी पहिलीत होते ना, तेव्हा एकदा तू घरी नसताना धुळीत लिहिलं होतं. तुझ्यासारखं. धुतल्यावर पण दिसत होतं, असं बारीक बारीक. मी खूप रडले. मग आजोबांनी ती चपटी डबी काढली, सीटखालची, त्यातलं थोडं लावलं आणि मऊ कापडानं सरळ सरळ चोळलं. मी पाणी पिऊन आले तेवढ्यात गेलं पण!"

"गेलं?"

"पूर्ण! थांब, दाखवते." ती ड्रायव्हरच्या सीटखाली अर्धी शिरली आणि डबी घेऊन आली. पॉलिशची डबी. अर्धीअधिक संपलेली. झाकणावर अण्णांच्या अंगठ्याचा पांढुरका ठसा.

"मला कसं नाही सांगितलंस?"

"आजोबा म्हणाले, आईला सांगायचं नाही. शप्पथ घातली होती." ती जरा थांबली. आता शप्पथ मोडली की काय, असा विचार तिच्या चेहऱ्यावरून गेला.

ऊन भिंतीवरून खाली उतरून बॉनेटवर तिरकं पडलं. आधी आंघोळ, मग पोहे. रेवानं ते ओठ हलवत वाचलं. मग स्वतःच्या कोऱ्या, चकचकीत दरवाज्याकडे पाहिलं, आणि जरा रुसूनच माझ्याकडे वळली.

"आई, माझं नाव घालवलं त्यांनी, मग तुझं एवढं मोठं का ठेवलं?"